वाई-लानची मराठी

मी उभा जन्म मराठी शिकवण्यात काढला, पण मराठी मुलांना फारशी नाही. माझे विद्यार्थी म्हणजे पाद्री, त्यांच्या बायका, विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या नर्सा, क्वचित एखादा इंजिनियरसाहेब. सांगलीकडे या धंद्यातल्या माणसाला ‘पंडित’ म्हणायची चाल होती. बाईमाणसाला पंडित कसं म्हणायचं हा प्रश्न कुणालाच सुटला नाही, म्हणून मला नुसतंच ‘बाई’ म्हणत.

परक्या माणसाला मराठी शिकवायची म्हणजे काय करायचं, असं आमच्या शेजारपाजारच्या बायका विचारत. त्यांना वाटे, आपण बोलतो तसं बोलायचं, आणखी काय? पण जिभेचं टोक उलटं वळवून ‘ळ’ म्हणायला एखादा साहेब पावसाळा घालवतो. पलंग तो, खुर्ची ती आणि टेबल ते, हे का, असं तो डोळे मोठे करून विचारतो. या ‘का’ला उत्तर नाही, हे हसतमुखाने सांगता येणं ही आमच्या धंद्यातली पहिली पायरी. माझे बहुतेक विद्यार्थी परीक्षेच्या धाकाने शिकत. भाषेची परीक्षा चुकली की त्यांची बढती अडे. त्यामुळे ते शिकत, पास होत आणि वह्या मिटून टाकत. शिकता शिकता कुणी हरखून गेलेलं मी बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. ते पाहिलं लढाईच्या दिवसांत, चीन देशाच्या तीन मुलींमुळे. आज दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

रंगून पडून काही महिने झाले होते. सांगलीहून टांग्याने जाता येईल अशा एका मिशनच्या दवाखान्यात मी शिकवायला जात असे. एके दिवशी मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. व्हरांड्यात तिघीजणी ओळीने उभ्या होत्या. तिघींच्या अंगावर दवाखान्याची सैल पांढरी झबली, आणि चेहरे इतके शांत की आत काय चाललं आहे याचा थांग लागू नये. मूळच्या त्या दक्षिण चीनमधल्या, तीन वेगळ्या घरांतल्या. लढाई मागे लागली म्हणून आपापल्या घरची मंडळी त्यांना घेऊन रंगूनला आली होती, आणि रंगूनही पडल्यावर रानावनातून चालत हिंदुस्थानात. कलकत्त्याच्या निर्वासित छावणीतून मिशनने त्यांना नर्सिंग शिकायला आमच्याकडे धाडलं.

“इंग्रजी येतं त्यांना,” मेट्रनबाई म्हणाल्या. “पण आमच्या रोग्यांना येत नाही. होळीपर्यंत रोग्यांशी बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर ज्यांना येत नसेल त्यांना कलकत्त्याच्या छावणीत परत पाठवावं लागेल.”

तिघींनी माना डोलावल्या. जगात एकमेकींशिवाय त्यांचं कुणी उरलं नव्हतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सगळ्यांत मोठी यूक-लिंग. नीटनेटकी, विचार करून बोलणारी. धाकटी सिउ-मेई, गोल चेहऱ्याची. मधली वाई-लान. तिचं नाव ऐकून मी चमकले, कारण माझं माहेर वाईचं. पण ती मान खाली घालून होती, म्हणून मी काही बोलले नाही.

पहिले काही आठवडे फार अवघड गेले. अक्षरं त्यांनी पाहता पाहता उचलली. ‘अ’ काढताना आधी कुठली रेघ काढायची, मग कुठली, असं यूक-लिंगने मला विचारलं. माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. त्यांच्याकडे म्हणे रेघांचा क्रम चुकला की अक्षर चुकलं. आम्ही दोघींनी बसून मराठी अक्षरांचा क्रम ठरवला. त्यांच्या पाट्या पाहून दवाखान्यातला कारकून म्हणायचा, ही अक्षरं लिहिलेली नाहीत, मांडलेली आहेत.

पण बोलणं शून्य. विचारलं की तिघी हसऱ्या चेहऱ्याने गप्प. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, अशी त्यांची शिस्त. त्यात त्यांच्या कानाला ‘प’ आणि ‘ब’, ‘ट’ आणि ‘ड’ एकच वाटत. ‘नको’चं ‘लको’ होई. मी ‘डोकं दुखतं’ म्हणावं, त्यांनी कागदावर ते सुंदर लिहावं, आणि वाचायला सांगितलं की सिउ-मेईने पुटपुटावं, “टोकं तुखतं.” मग कान लाल करून खाली बघावं. परतताना टांग्यात बसून मी होळी किती लांब आहे याचाच विचार करी. हरिपूरच्या बाजूने हळदीचा वास येई, नदीवर उन्हाची धूसर झाक असे, घोड्याच्या टापा संथ वाजत, आणि मला वाटे, ही तिन्ही पोरं त्या धूसर काठापलीकडे उभी आहेत. माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचते, पण त्यांची माझ्यापर्यंत येत नाही.

कोंडी फुटली ती पाटणकडच्या एका म्हातारीमुळे. तिच्या बोटाला नखुरडं झालं होतं. मी सिउ-मेईला वॉर्डात नेऊन म्हटलं, विचार आजींना काय होतंय.

सिउ-मेईने श्वास घेतला. “आजी, पोट तुखतं?”

“पोट न्हाई गं बाय. बोट, बोट!”

“हां. पोट.”

“अगं, पोटाला काय धाड भरलीय माझ्या? दोन भाकरी खाल्ल्या आत्ता. बोट!”

“पोट,” सिउ-मेई कळवळून म्हणाली, आणि म्हातारीच्या पोटाला हात लावायला वाकली.

म्हातारीने तिचा हात धरला. आपलं सुजलेलं बोट तिच्या नाकासमोर नाचवलं. “ह्ये बोट.” मग तेच बोट हलकेच सिउ-मेईच्या पोटात खुपसलं. “आन ह्ये पोट! कळलं का?”

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला धास्ती वाटली, आता ही पोर परत कधी तोंड उघडणार नाही. पण सिउ-मेईचा गोल चेहरा आधी लाल झाला, मग थरथरला, आणि ती अशी काही हसत सुटली की खाटेच्या कडेला टेकून तिला बसावं लागलं. दारात यूक-लिंग हसत होती. तिच्यामागे वाई-लान उभी होती. तिच्या ओठांची कड जराशी हलली.

‘ब’ म्हणताना गळ्यात गुणगुण होते, ‘प’ म्हणताना होत नाही. गळ्याला बोटं लावली की कळतं. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती मी म्हातारीला सांगितली. झालं! दुसऱ्या दिवसापासून म्हातारीने सिउ-मेईचा हात आपल्या सुरकुतल्या गळ्यावर ठेवून घेतला. “भुंगा वाजला पायजे बग. ब्ब... बोट. बैल. बाभळ.” सिउ-मेई दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून भुंगा शोधायची. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा ती खोलीतून ओरडत बाहेर आली. “बाई! बोट! बोट! बोट!” तिने मला, मेट्रनबाईंना, माळ्याला, सगळ्यांना आपलं बोट दाखवलं. एवढा आनंद मी कुणाला परीक्षेत पहिला नंबर आल्यावरही झालेला पाहिला नाही.

तेव्हापासून मी फळा आणि वर्ग सोडला. वॉर्डाच्या व्हरांड्यात, उन्हं कलताना, रोगी आणि त्यांची माणसं बसत तिथेच आमची शाळा भरू लागली. मास्तर झाले वाळव्याचे, तासगावचे, जतकडचे लोक. त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. सांगलीच्या एका वकिलांच्या पत्नी दवाखान्यात होत्या, अगदी नाजूक बोलणाऱ्या. त्यांच्या खाटेपाशी जाऊन यूक-लिंगने गंभीरपणे विचारलं, “काय वं आक्का, लय दुखतंय का आता? कवापासनं?”

वकिलीणबाईंनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, तक्रार येणार. त्या डोळे पुसत होत्या, हसून हसून. म्हणाल्या, “बाई, माझी आजी अशी बोलायची हो. तिच्यानंतर मला कुणी आक्का म्हटलं नव्हतं.”

‘आमी’चं ‘आम्ही’ करावं की नाही, या विचारात मी पुष्कळ दिवस घालवले. थोडं केलं, बरंचसं राहू दिलं. आमच्या व्यवसायातले जुने लोक यावर नाराज झाले असते.

राहिली वाई-लान. ती सगळं ऐकत असे, सगळं लिहीत असे, पण बोलत नसे. मराठी तर नाहीच, पण आपल्या भाषेतसुद्धा ती दोघींशी क्वचितच बोले, हे मला यूक-लिंगकडून कळलं. रानातून चालताना तिची आई आणि धाकटा भाऊ गेले होते. कसे, ते यूक-लिंगने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एका दुपारी मी चांगला-वाईट, मोठा-लहान अशा जोड्या शिकवत होते. ‘वाईट’ म्हटलं मात्र, वाई-लानने मान वर केली. बराच वेळ ती काही तरी जुळवत होती. मग फार हळू आवाजात, एकेक शब्द ठेवत म्हणाली,

“बाई, माझं नाव वाईट?”

मी इतकी गडबडले की माझीच मराठी पळाली. “नाही गं! वाई म्हणजे... वाई हे माझं गाव आहे. मी वाईची. नदीकाठचं फार छान गाव आहे.”

“तुमी... वाईची?” तिने स्वतःकडे बोट केलं. “मी वाई.”

“हो. म्हणजे मी तुझीच झाले की.”

ती हसली नाही. पण त्या दिवशी वर्ग संपल्यावर ती माझ्यामागून टांग्यापर्यंत चालत आली, आणि टांगा वळेपर्यंत उभी राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिघींना वाईला घेऊन गेले. आमच्या आईला आधी लिहून कळवलं होतं. तरी आम्ही पोचलो तेव्हा ती दारात घुटमळत होती. सोवळंओवळं होतं तिचं, आणि मुली तर कुठल्या कुठच्या. त्यांची पानं ओसरीवर मांडायची तिने योजना केली होती. मी काही बोलणार, एवढ्यात वाई-लान पुढे झाली, हात जोडून म्हणाली, “आ-यी.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “मला आई म्हणते ही?”

यूक-लिंगने खुलासा केला. “आमच्याकडं आ-यी म्हणजे मावशी.”

“असं होय,” आई म्हणाली. तिने वाई-लानच्या हनुवटीला हात लावला. “मावशीच्या घरी ओसरीवर का जेवतात कुणी? चला आत.”

सिउ-मेईने चकल्यांचा डबा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी आम्ही घाटावर जाऊन बसलो. कार्तिकातलं ऊन पाण्यावर सांडलेलं होतं. बायका धुणी धूत होत्या, देवळाची सावली पाण्यात लवलवत होती, आणि सगळीकडे एक प्रकारची गुंगी होती. आवाज लांबून येत असल्यासारखे वाटत. यूक-लिंग आणि सिउ-मेई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. मी वाई-लानला म्हटलं, ही कृष्णा इथून खाली सांगलीलाच जाते.

“आपल्या दवाखान्याकडं?”

“त्या बाजूलाच.”

तिने ओंजळभर पाणी घेतलं आणि परत नदीत सोडलं. मग अचानक बोलायला लागली. तिची मराठी तोवर तोकडी होती, शब्द कमी पडले की ती हातांनी पुरे करी.

“बाई, आमच्या भाषेत मी ‘पाणी’ म्हणते, तवा ते रानातलं पाणी दिसतं. ‘भात’ म्हणते, तवा भाऊ दिसतो. भात मागतो. म्हणून मी बोलत न्हाई. मराठीत पाणी म्हटलं की...” तिने नदीवर हात फिरवला. “नुसतं पाणी. छान पाणी. मराठीत आमचं कोणी मेलेलं न्हाई, बाई.”

इतकी वर्षं मी हा धंदा करत होते. भाषा शिकणं म्हणजे कष्टाने डोंगर चढणं, अशीच माझी समजूत होती. ही पोर मराठीत सावलीला आल्यासारखी आली होती. मी तिला पाण्यातल्या एकेका गोष्टीचं नाव सांगत राहिले. मासा, शेवाळ, भोवरा, दीपमाळेची सावली. ती प्रत्येक शब्द जिभेवर घोळवून बघे, आणि पसंत पडला की मान हलवी. ‘झुळूक’ तिला फार आवडला. संध्याकाळपर्यंत ती उगीचच झुळूक झुळूक म्हणत होती.

परतल्यावर वाई-लान इतकी बोलायला लागली की मेट्रनबाईंना आश्चर्य वाटलं. रोग्यांपाशी बसून ती तासन् तास ऐकायची. एकदा मला म्हणाली, “बाई, ‘व्हय’ हे चार शब्द हाएत. तुमी एकच शिकवला.”

“चार कसे?”

तिच्या भाषेत म्हणे आवाज वर चढला की शब्दाचा अर्थ वेगळा, खाली उतरला की वेगळा. त्या कानाने ती आमची मराठी ऐकत होती. तिने हवेत हात फिरवून दाखवलं. सपाट ‘व्हय’ म्हणजे खरोखरचा होकार. वर चढणारा म्हणजे, असं का? मध्ये हेलकावा खाणारा म्हणजे, सांगताय मला! “आन चौथा,” ती म्हणाली, “मऊ पडतो. खाली. इचारणारा माणूस जावा म्हणून म्हणतात तो.”

मी जन्माची मराठी. मी हसले, आणि घरी जाऊन यजमानांच्या तोंडचे ‘हो’ मोजायला लागले.

माघाचे दिवस होते, होळी तोंडावर आली होती. हौसा नावाची एक मुलगी बाळंत होऊन वॉर्डात होती. नवरा पलटणीत, लांब कुठे तरी आफ्रिकेकडे. घरी ऊस तोडणीला आलेला, गुऱ्हाळ लागलेलं, आणि माणसं थोडी. तिची सासू बैलगाडी जुंपून तिला न्यायला आली होती. डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. माझ्याकडेच शिकल्या होत्या त्या, चांगली मराठी बोलत.

“हौसा, कसं वाटतं?”

“बरं हाय.”

“जास्त जात नाही ना अंगावरून?”

“न्हाई.”

“मग घरी जायचं?”

“व्हय.”

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळल्या. वाई-लान हातात तबक घेऊन उभी होती. मी तिच्या शेजारी. तिने तबक माझ्या हातात दिलं आणि डॉक्टरीणबाईंच्या वाटेत जाऊन उभी राहिली. नवशिकी नर्स असं कधी करत नसे.

“तिला पाठवू नका. ती न्हाई म्हणाली.”

“अगं, ती हो म्हणाली. मी ऐकलं.”

“तोंडानं व्हय. आवाजानं न्हाई.” वाई-लानने हौसाच्या खाटेकडे हात केला. “तो चौथा व्हय हाय, डॉक्टर. बघा. एकदा बघा.”

डॉक्टरीणबाई मागे वळल्या आणि पडदा ओढायला सांगितला. हौसाने लुगड्याच्या घड्यांवर घड्या आत दाबून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या रक्ताने भिजलेल्या होत्या. पडद्याच्या आत एकदम धावपळ झाली. तिला आत नेलं. सासू भिंतीला टेकून खाली बसली आणि आपल्याच तोंडात मारून घ्यायला लागली. “मला म्हणली आसती तर! मी काय गाडीत घालून मारणार हुते व्हय तुला!”

वाई-लान तिच्याजवळ बसली. तिने म्हातारीचे दोन्ही हात धरून ठेवले. “आत्याबाई, ती तुमाला भ्याली न्हाई. तुमच्या कामाला भ्याली. गुऱ्हाळाला हात पायजेत म्हणून.”

दुपार कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाडीत घातली असती तर पोर वाटेतच गेली असती, एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग वाई-लानच्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत काही तरी. वाई-लानने त्यांना मराठीत उत्तर दिलं, “बरं झालं.”

नंतर ती मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेली. रडेल असं मला वाटलं. पण तिचा चेहरा आतून दिवा लावल्यासारखा दिसत होता. “बाई,” ती म्हणाली, “मला मराठी ऐकू आली. शब्दाच्या आतली.” आणि टाळी वाजवून तिने व्हरांड्यातच एक गिरकी घेतली. बाकावरचे रोगी बघत राहिले. हौसाची सासू पुढच्या आठवड्यात काकवीचा हंडा घेऊन आली, आणि सून धडधाकट उठेपर्यंत तिच्यापाशीच राहिली.

होळी आली आणि गेली. मेट्रनबाईंनी कुणाची परीक्षा घेतली नाही.

तिघी लढाई संपेपर्यंत आमच्याकडे राहिल्या, शिकून पुऱ्या नर्सा झाल्या. मग त्यांच्या देशातल्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. थांबा म्हणायचं माझ्या मनात फार होतं. पण तिथेही कुणी तरी रोगी वाट बघत असणार. पुढे काही पत्रं आली, सुंदर मांडलेल्या मराठी अक्षरांतली. मग तिकडे पुन्हा लढाई पेटली आणि पत्रं बंद झाली. मी त्यांची भाषा शिकले नाही, याची मला आता चुटपूट लागते. त्यांनी माझ्या भाषेत एवढं घर केलं, आणि मला त्यांच्या घराच्या दारातलाही एक शब्द नीट म्हणता येत नाही. ‘आ-यी’सुद्धा मी चुकीच्या सुरात म्हणते, असं सिउ-मेई सांगायची.

त्या गेल्या तो दिवस मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. सकाळची गाडी होती. स्टेशनावर धुकं उतरलेलं, इंजिनाची वाफ त्यात मिसळून सगळं पांढुरकं झालेलं. दवाखान्याची मंडळी आली होती. हौसा पोराला कडेवर घेऊन आली होती. पाया पडणं, रडणं, डबे देणं, सगळं झालं. तिघी डब्यात चढल्या. मी त्यांच्यासाठी थोडी केळी घ्यायला गेले, परत आले तेव्हा गर्दीत त्यांची खिडकी सापडेना. मी डब्याच्या कडेकडेने चालू लागले, आणि एका खिडकीपाशी थांबले. आतून त्यांचे आवाज येत होते. त्यांना मी दिसत नव्हते. त्या तिघीच होत्या आत, कुणाला दाखवायला नाही, कुणाला समजावं म्हणून नाही.

“सरक की गं! लय पसरलीयस,” सिउ-मेई म्हणत होती.

“खिडकी माझी. मी आदी बसले.”

“व्हय गं, लय आली खिडकीवाली! लिंग-आक्का, सांग की हिला.”

“गप बसा दोगीबी. पुण्यापतोर वाई बसंल, म्होरं तू बस.”

मी केळी हातात धरून तशीच उभी राहिले. गाडीने शिट्टी दिली, तरी मला हाक मारवली नाही.